बोटभर तोकडा

६ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने मुलगी सध्या काय करते असं विचारलं, तर त्याला काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरते आहे. खरं सांगते, मला उत्तर येत नाही. सुतारकाम शिकते म्हणावं, तर लोकांच्या डोळ्यांसमोर खुर्च्या आणि कपाटं येतात. आमच्याकडे तर बसायला धड खुर्चीसुद्धा नाही, जेवायच्या सुट्टीत आम्ही ओंडक्यांवर बसतो. इमारती बांधायला शिकते म्हणावं, तर पुढचा माणूस सिमेंटचा भाव विचारेल. आम्ही करतो तो इमारतीचा लाकडी सांगाडा. खांब, तुळया, तिरके आधार, वर छपराच्या कैच्या. सगळं आधी शेडमध्ये जमिनीवर आडवं मांडून एकमेकांत बसवून बघायचं, मग सुटं करून जागेवर न्यायचं आणि एका दिवसात उभं करायचं. खिळा जवळजवळ नाहीच. एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत जाणारी कूस, आणि दोघांना आरपार धरणारी लाकडी खुंटी.

एवढं सगळं सांगेपर्यंत गिऱ्हाइकाची पँट शिवून होईल, हे मलाही कळतं.

आता बाकीची हकिकत. माझी खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. सकाळी खाली पंप सुरू झाला की गजर लावायची गरज पडत नाही. शेड चालत जाण्याजोगी, नदीच्या अलीकडे. आत शिरलं की आधी ओल्या लाकडाचा वास, मग कोवळं ऊन, मग मिस्त्री. मिस्त्री माणसांशी फारसे बोलत नाहीत, लाकडाशी बोलतात. माझी पटाशी बोथट असली तर ते मला काही म्हणत नाहीत. मी ज्या तुळईवर काम करत असेन तिच्या पाठीवर हात ठेवून, तुझ्या वाट्याला हे काय आलं बाई, असं तिला विचारतात. सगळी शेड ऐकते. मग मी मुकाट्याने धार लावायला जाते. गेल्या तीन महिन्यांत मी लाकूड कमी आणि लोखंड जास्त घासलं आहे.

उमेदवारीचा पहिला टप्पा मार्चअखेरीला संपतो. तोवर आम्ही कच्च्या टाक्याचे. मार्चमध्ये नदीच्या धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्या उतारूंसाठी एक शेड उभी करायची आहे, तीच आमची परीक्षा. मिस्त्रींना काम पटलं तर पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही, नाही तर घरचा रस्ता.

बाबा, तुम्ही हसाल, पण रोज सकाळी शेडचं दार सरकवताना मला वाटतं की आपण केलेलं काहीतरी उभं राहावं, आणि त्याखाली आपल्याला न ओळखणारी माणसं निवांत बसावीत. बी.ए.च्या परीक्षेत असं एकदाही वाटलं नव्हतं.

आई, हात ठीक आहेत. फोड होते ते घट्ट झाले.

तुमचा लोभ आहेच, त्यात अधूनमधून एखाद्या पत्राची भर पडावी.

तुमची
गुंडी

*

१५ जानेवारी

चि. गुंडी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटातून चिमूटभर लाकडाचा भुसाही पोचला. तुझ्या आईने तो झाडून न टाकता बशीत काढून ठेवला आहे. मायेचं माणूस, काय बोलणार.

गिऱ्हाइकांचा प्रश्न मी तात्पुरता सोडवला आहे. मुलगी बांधकामावर असते, एवढंच सांगतो, आणि लगेच त्यांच्या तोंडाला टेप लागेल अशा बेताने गळ्याचं माप घेतो. तुझी पदवी ट्रायलच्या आरशाशेजारी टांगलेली आहेच. अर्धवट शिवलेल्या कोटात अडकलेल्या माणसाला ती वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. परवा एकाने ती वाचून विचारलं, की एवढं शिकून बांधकामावर म्हणजे साहेब असेल. मी त्याला हलू नका म्हणालो, टाचणी लागेल.

आता मुद्द्याचं. तुझ्या शाळेचे हेडमास्तर कोट शिवायला टाकून गेले. माप देताना माणूस हात वर करून उभा असतो, तेव्हा तो सहसा खोटं बोलत नाही. ते म्हणाले, की जूनपासून पाचवीच्या वर्गाला शिक्षक हवा आहे, पदवीधर हवा, आणि आपल्याच शाळेतली मुलगी आली तर त्यांना आनंद होईल. तुझ्यासाठी जागा मार्चअखेरपर्यंत राखून ठेवतो म्हणाले. कोट न्यायला येईन तेव्हा उत्तर घेऊन जाईन, असंही म्हणाले. त्यांना महिनाअखेरची तारीख दिली आहे, आणि माझी तारीख कशी असते ते तुला ठाऊक आहे.

कॉलेजात असताना, आपल्या शाळेत शिकवायला परत येईन, असं तूच सगळ्यांना सांगत होतीस. तेव्हा तुझं भाषण ऐकून माझ्या हातून एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लागल्या होत्या. मी सक्ती करत नाही. फक्त आठवण करून देतो, आणि पुढच्या पत्रात पुन्हा करून देईन.

तुझ्या मिस्त्रींना सांग, की मीही कापडाशी बोलतो, पण मनात.

इकडचा लोभ पक्क्या रंगाचा आहे, धुतल्याने जाणार नाही, याची खात्री असू द्यावी.

तुझा
बाबा

ता. क. भुसा मी ठेवला नाही. यांनी ठेवला. रोज वास घेतात. – आई

*

२४ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

भुशाबद्दल मी काही बोलत नाही. पुढच्या वेळी जरा चांगल्या लाकडाचा पाठवीन.

बाबा, हेडमास्तरांचा निरोप वाचला आणि दोन दिवस मला नीट रेघ मारता आली नाही. मी ते म्हणाले होते, आणि मनापासून म्हणाले होते. पाचवीचा वर्ग मला अजून दिसतो. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी मीच होते, तिला कुणीतरी पुढे बोलवायला हवं असतं. शिकवणं हे मोठं काम आहे, त्याला नाही म्हणताना माझी जीभ रेटत नाही. आणि इथून उठून जायचं म्हटलं की पाय रेटत नाहीत. महिनाअखेरीला मला ठरवता येईलसं वाटत नाही. तुमची तारीख चुकत नाही, हे माहीत असूनच लिहिते आहे. हेडमास्तरांना, ती विचार करते आहे, असं सांगता आलं तर बघा.

इथे बढती झाली आहे. धार लावण्यातून मी खुणा करण्यावर आले. लाकडावर रंगवलेलं सूत ताणून सोडायचं, रेघ उठते. मग गुण्या लावून काटकोन बघायचा आणि कुठे काय कापायचं ते आखून द्यायचं. कापणारा दुसरा असतो. माझ्या जोडीला जे आहेत त्यांना सगळे कंडक्टर म्हणतात, कारण इथे उमेदवार म्हणून येण्याआधी ते बसवर कंडक्टर होते. आई, तू पुढच्या पत्रात विचारशीलच, म्हणून आत्ताच सांगते, त्यांना नात आहे. तुळई उचलून पुढे न्यायची असली की ते सवयीने सगळ्यांना पुढे सरकायला सांगतात, आणि गंमत म्हणजे सगळे सरकतात. कुणी खुंटी मागितली तर ती देताना आधी सुटी आहे का विचारतात.

धक्क्यावरच्या शेडचे कोपऱ्याचे चार खांब. त्यातला नदीच्या बाजूचा, होडीतून उतरल्यावर पहिल्यांदा हाताला लागेल तो, आखायला मिस्त्रींनी मला दिला. म्हणजे मला नाही दिला. त्या खांबाला सांगितलं, की या मुलीला जरा सांभाळून घे.

लोभाचं सूत ताणून धरावं, सैल पडलं तर रेघ उठत नाही.

तुमची
गुंडी

*

१२ फेब्रुवारी

चि. गुंडी हिस,
अनेक आशीर्वाद.

कंडक्टरांना माझा नमस्कार सांग. माणूस वयाच्या कुठल्याही टप्प्यावर गाडी बदलू शकतो, हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या बाबतीत मात्र गाडी अजून स्टँडवरच उभी आहे, आणि एक पाय आत, एक बाहेर अशी तू फुटबोर्डावर. लवकर बस किंवा उतर, मागच्यांचा खोळंबा होतो.

आता मीच हे म्हणतो आहे, तर माझ्याकडचं सांगतो. हेडमास्तरांचा कोट अजून झालेला नाही. आतल्या बाजूला लावायचं अस्तर हव्या त्या रंगाचं मिळेना. हलकं लावून माणसाला शाळेत पाठवणं मला पटत नाही. ते येऊन गेले, मी त्यांना अस्तराची अडचण सांगितली, त्यांनी समजून घेतलं. तुझ्या उत्तराचाही विषय निघाला. मी म्हटलं, कोट झाला की दोन्ही एकदमच घेऊन जा. तेव्हा तुझं नशीब, की बाजारात अस्तर नाही. याला मुदतवाढ समजू नकोस.

मला काय वाटतं, हे तुला माहीत आहे. शाळेची नोकरी म्हणजे डोक्यावर छप्पर. तू म्हणशील, मी छपरंच करते आहे. ते मला कळलं होतं, म्हणून आधीच लिहून टाकलं.

खांब नीट आख. दोनदा मोज, एकदा काप, असं मी तुला टेप धरता यायच्या आधीपासून सांगतो आहे.

इकडून लोभ मापापेक्षा जरा सैलच कापला आहे, वाढत्या अंगाला होईल.

तुझा
बाबा

ता. क. उरलेलं अस्तर कपाटात आहे. मी काही बोलत नाही. – आई

*

८ मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

माझा खांब बोटभर तोकडा झाला.

हे कसं झालं ते तुम्हांलाच कळेल, बाबा. इथे कुणाला कळलं नाही, कारण इथे दुसरं कुणी शिंप्याच्या घरातलं नाही. तुम्ही कापड बेतताना शिवणीच्या बाहेर बोटभर माया सोडता. पुढे कपडा घट्ट झाला तर तेवढं उसवून सैल करता येतं. मी माझ्या खांबाच्या बुडाला बोटभर माया सोडली. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला. आमच्याकडची रीत अशी, की आखणाऱ्याने खांबाचं बूड पक्कं करून दिलं, की कापणाऱ्याने सगळी मापं त्या बुडापासून घ्यायची. कंडक्टरांनी तशीच, म्हणजे मायेसकट खालच्या टोकापासून घेतली. मधल्या खाचा, वरची कूस, सगळं नेमकं. नंतर माझं लक्ष गेलं, की खालची माया तशीच राहिली आहे, आणि शिवून झाल्यावर लोंबणारे दोरे छाटावेत तशी ती मी करवतीने छाटून टाकली. अगदी काटकोनात. इतकी सुबक कापणी माझ्या हातून आजवर झाली नव्हती. मी कंडक्टरांना ती कौतुकाने दाखवलीसुद्धा, आणि त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवून मान डोलावली.

काल सगळा सांगाडा शेडमध्ये आडवा मांडला. तीन खांबांची बुडं एका सुतात, चौथं आत. मिस्त्री त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि नदीच्या पाण्याला घाबरून पाय वर घेतलास की काय, असं त्याला विचारलं. कंडक्टर बिचारे आपलंच माप चुकलं समजून पुन्हा पुन्हा टेप लावायला लागले, म्हणून मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, की माया मी छाटली. मग माया म्हणजे काय, हे समजावण्यात जेवायची सुट्टी गेली. आता मला सगळे शिंपीणबाई म्हणतात. कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर माझ्यासमोर आणून ठेवतात.

इथपर्यंत हसून लिहिलं. पुढचं हसून लिहिता येत नाही. इतक्या लांबीचं वाळलेलं लाकूड आवारात दुसरं नाही. ओलं घेतलं तर उभं केल्यावर ते वाळताना पिळणार, आणि त्याला जोडलेलं सगळं ओढणार. मिस्त्री हे सगळं खांबाला सांगत होते, माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. उभारणी महिनाअखेरीला आहे, आणि सहीचं काय ते त्याच दिवशी ठरणार.

बाबा, मी तुमच्याशी फार मोठमोठ्या गोष्टी बोलले. माझ्याने एक खांब सरळ उभा राहीना. पाचवीच्या वर्गात निदान फळा भिंतीला आधीच लावलेला असतो. हेडमास्तर कोट न्यायला आले की त्यांना माझा होकार सांगून टाका.

आज लोभ मागायला तोंड नाही, तरी तो असू द्या.

तुमची
गुंडी

*

१३ मार्च

चि. गुंडी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतका हसलो, की मशीनवरचं गिऱ्हाइकाचं कापड सरकलं आणि शिलाई वाकडी गेली. ती उसवत बसलो आहे, म्हणजे आज आपण दोघेही एकाच रांगेत.

चूक माझी आहे. मी तुला माया सोडायला शिकवलं. ती कधी छाटायची नसते, आत दुमडून ठेवायची असते, एवढं सांगायचं राहून गेलं. मिस्त्रींना माझ्यातर्फे हे कळव. त्यांना माणसांशी बोलायचं नसेल तर खांबाला कळव.

आता तोकड्याचं. तोकडी झालेली पँट लांब होत नाही, हे मी तुला सांगायला नको. पण माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, त्याचा एक पाय जरासा आखूड. मी वर्षानुवर्षं त्याच्या पँटचा एक पाय कमी, एक जास्त असा शिवत आलो, आणि तरी तो चालला की एक बाजू लोंबायची. मग एका बूट शिवणाऱ्याने त्याच्या त्या बुटाची टाच बोटभर उंच करून दिली. त्या दिवसापासून पँटचे दोन्ही पाय सारखे. मी वरून दुरुस्त करत होतो, त्याने खालून केलं. तुझा खांब कशावर उभा राहतो, ते तू एवढ्या पत्रांत कधी लिहिलं नाहीस. जमिनीत पुरता, की खाली काही असतं?

हेडमास्तरांना मी काही सांगितलेलं नाही, कारण कोट झालेला नाही. बाह्यांचं काम नाजूक आहे, घाई करून चालत नाही. शिवाय खांब तोकडा झाला म्हणून कुणी शाळेत शिकवायला जाऊ नये. मुलांना ते कळतं. आवडतं म्हणून जात असशील तर त्याच दिवशी कोट इस्त्री करून देतो.

लोभ आहे तसाच आहे. तो मोजायला टेप काढायची नाही.

तुझा
बाबा

*

१४ मार्च

गुंडी,
आशीर्वाद.

हे पत्र यांना न विचारता लिहिते आहे. पत्ता सायकलवाल्याच्या दुकानाचा म्हणून घातला, तो तुला देईल. माझं अक्षर लागेल तसं लाव.

कोट जानेवारीतच झाला. दिलेल्या तारखेच्या आधी. काजं मीच केली. आत चादरीखाली टांगला आहे. हेडमास्तर आले की हे आधी बाहेर जाऊन उभे राहतात, म्हणजे ते आत येऊ नयेत. आधी अस्तर मिळत नव्हतं. मग मशीनची सुई मोडली. मग कॉलर बसत नव्हती. आता बाह्या. शाळेच्या बक्षीस समारंभाला तो भला माणूस स्वेटर घालून खुर्चीवर बसला होता. मी समोर बसले होते, मला वर बघवेना.

माझं लग्न झाल्यापासून यांनी एक तारीख चुकवलेली मी पाहिली नाही. ताप अंगात असताना मशीनवर बसले आहेत. आता गिऱ्हाइकं तोंडावर म्हणतात, की तुम्हीही इतर शिंप्यांसारखे झालात. हे ऐकून घेतात. मला म्हणाले, पोरीला अजून थोडे दिवस लागतील, कोट काय, लटकून राहील.

पत्रात तुला शाळा शाळा करतात. गिऱ्हाइकांना मात्र आता निराळं सांगतात. परवा टेबलावर दोन काड्या घेऊन एकाला खाच आणि कूस समजावत होते. त्याची पँट राहिलीच.

मला विचारशील तर तू शाळेत यावंस. जवळ राहशील, दोन घास माझ्या हातचे खाशील. पण मला विचारू नकोस, मी तुझी आई आहे.

कोट फार दिवस लटकला की खांदे पडतात. काय ते लवकर ठरव.

हाताला तेल लाव.

आई

*

३० मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

शेड उभी राहिली. परवा सकाळी धक्क्यावर ओझी उतरवली, आणि दुपार कलायच्या आत छपराच्या कैच्या वर चढल्या होत्या. सगळ्यांनी मिळून एकेक बाजू दोरांनी ओढत उभी केली. कंडक्टर मधोमध उभे राहून हात वर करून सगळ्यांना पुढे सरकवत होते, आणि होडीतून नुकतेच उतरलेले लोकही सरकत होते. एका बाईंनी त्यांना, ही होडी पलीकडे जाते ना, असं विचारलं. त्यांनी ठामपणे हो सांगितलं. नंतर आम्हांला म्हणाले, की होडी कुठे जाते ते त्यांना खरं म्हणजे माहीत नव्हतं.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आमचे खांब जमिनीत पुरत नाहीत, कुजतात म्हणून. प्रत्येकाखाली एक घडवलेला दगड असतो. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते शेडमध्ये ओंडक्यावर बसून वाचत होते, आणि बुटाच्या टाचेपाशी आल्यावर तशीच उठून मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, खांबापाशी गेले आणि त्याला सांगितलं, की तुझे सोयरे शहाणे दिसतात. चौथा दगड बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच घडवून घेतला. तो लपवावा म्हणून मी भोवती माती चढवायला निघाले, तर मिस्त्रींनी फावडं काढून घेतलं. ते दगडाशी काहीच बोलले नाहीत. थेट माझ्याकडे बघून म्हणाले, की झाकलं तर पुढचा दुरुस्त करणारा फसेल, त्याला दिसू दे. एवढ्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

खुंट्या ठोकून झाल्यावर त्यांनी चारही खांबांना फेरी मारली. माझ्या खांबाशी थांबून त्याला म्हणाले, की हिला ठेवून घ्यावं लागेल, तुझी टाच बघायला दुसरं कोण येणार. काल करारावर सही केली. कंडक्टरांनीही केली. पेन परत देताना त्यांनी मला, सुटे नाहीत, असं सांगितलं.

संध्याकाळी मी धक्क्यावर थांबले. होडी लागली, माणसं उतरली. एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांबाला हात टेकून उभे राहिले, बूट काढला, त्यातला खडा झटकला, परत घातला आणि गेले. त्यांनी वर बघितलं नाही, खालीही बघितलं नाही. मला तेवढं पुरलं. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हे मला अजूनही एका वाक्यात येत नाही, पण तुम्हांला येतं असं कळलं. दोन काड्या लागतात म्हणे.

आता एक गोष्ट तुम्हांला न विचारता केली आहे, ती सांगते. सही होईल की नाही, हे कळण्याच्या आधी, उभारणीच्या आदल्या दिवशी, मी हेडमास्तरांना परस्पर पत्र टाकलं. इथे नाही म्हणाले असते तर मी दुसऱ्या मिस्त्रींकडे धार लावायला गेले असते, एवढं मला चादरीखालच्या कोटाबद्दल ऐकल्यावर कळून चुकलं होतं. मला वेळ मिळावा म्हणून तुम्ही तुमची तारीख खर्च केलीत, आणि तो मिळालेला वेळ घेऊन मी पुन्हा फुटबोर्डावर उभी राहिले असते, तर कोटाचे खांदे खरंच पडले असते. आई, चिडू नकोस. मी सुट्टीला येईन तेव्हा सगळे घास एकदम खाईन. आणि बाबा, कोटाचं मला कुणी सांगितलं ते विचारू नका, तुमच्या घरात दोनच माणसं आहेत.

हेडमास्तरांना लिहिलं, की पाचवीचा वर्ग माझ्यापेक्षा माझी कॉलेजातली मैत्रीण चांगला घेईल, तिचा पत्ता सोबत दिला आहे. मागच्या बाकावरच्या मुलीकडे लक्ष ठेवायला तिला सांगितलं आहे. आणि शेवटी लिहिलं, की आपला कोट तयार आहे, उशीर माझ्यामुळे झाला, माझ्या वडिलांमुळे नाही. तेव्हा आजच दुकानात जाऊन घेऊन यावा. कुठे घट्ट वाटला तर सांगावं, आत माया सोडलेली आहे.

उत्तराची वाट बघते. लोभ आहे तो दुमडून आत असू द्या, छाटू नका.

तुमची
गुंडी